पंप बसला, आता हृदयाचं काय?

आमच्या भाच्याला हृदयाचा पंप बसवलाय, ही बातमी बेळगावच्या शहापुरातून पार खानापूर-निपाणीपर्यंत पोचलीय. ओळखीतून ओळख काढत लोक फोन करतात. कुणाच्या भावाचं हृदय मोठं झालंय, कुणाच्या सुनेला बाळंतपणानंतर "दम लागूलालाय, पाय सुजूलालेत", कुणाच्या घरी डॉक्टरांनी नुसतं पंपाचं नाव काढलं आणि रडारड सुरू झाली. बोलणं फिरून एकाच जागी येतं: पंप बसवला म्हणजे त्याचं स्वतःचं हृदय कामातून गेलं, असंच ना?

तसं नाही. निदान सगळ्यांच्या बाबतीत तरी नाही. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. उद्यमबागेत माझं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक पंपांचे शाफ्ट आणि गिअर आम्ही बनवतो. पंप मला कळतो, हृदय भाच्यापायी शिकावं लागलं. त्याच्या डॉक्टरांनी माझ्या प्रश्नांना कधी कंटाळा केला नाही, आणि त्यांनी सांगितलेलं मी घरी येऊन वाचून पडताळून पाहिलंय.

भाचा तिशीच्या आतला, बेंगळुरात नोकरीला. आधी ताप आणि खोकला झाला, तो बरा झाला. मग काही आठवड्यांनी ऑफिसचा जिना चढताना थांबायला लागला. घरी आला तेव्हा तीन उशा पाठीशी घेऊन बसूनच झोपत होता, आडवं झालं की श्वास कोंडायचा. आक्काला वाटलं दमा आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर हृदयाचा डावा कप्पा ७.२ सेंटिमीटर रुंद झालेला आणि इजेक्शन फ्रॅक्शन १५. म्हणजे कप्प्यात आलेल्या शंभर भाग रक्तातलं दर ठोक्याला जेमतेम पंधरा भाग पुढं जातंय. चांगल्या हृदयात हा आकडा ५५-६० च्या पुढं असतो. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली, रक्तवाहिन्यांत अडथळा नाही. विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज आली असावी आणि त्यातून तो सैल पडला, असा डॉक्टरांचा अंदाज.

गोळ्या झाल्या, सलाइनमधून हृदयाला जोर देणारी औषधं झाली. ती औषधं बंद केली की बीपी उतरायचं, किडनीचे आकडे चढायचे. अवयवदानाचं काम बघणाऱ्या कर्नाटकातल्या 'जीवसार्थकते'च्या यादीत प्रत्यारोपणासाठी नाव घातलं, पण जुळणारं हृदय आपल्या सवडीनं मिळत नाही. तेव्हा पंपाचा निर्णय झाला. खर्च कोटीच्या घरातला. विम्याची मर्यादा कधीच संपली होती. कंपनीनं काही दिलं, दागिने गेले, येळ्ळूरच्या शिवारातली बासमतीची जमीन गेली. जमिनीवर सही करताना आक्का एवढंच म्हणाली, "ह्यानं पोराचं हृदय बरं होणार काय, तेवढं विचार डॉक्टरला." तो प्रश्न मी विचारला आणि तेव्हापासून तो माझ्या मागंच लागलाय.

आधी हृदय थकतं कसं, ते बघू. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. सिलिंडरचा बोअर वाढवला आणि प्रेशर तेवढंच ठेवलं, तर भिंतीवर ताण वाढतो. भिंत पातळ असेल तर आणखी वाढतो. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. हृदयालाही हेच गणित लागू आहे. स्नायू कमजोर झाला की कप्पा ताणून मोठा होतो, मोठा झाला की तेवढंच रक्त ढकलायला भिंतीवर जास्त ताण येतो आणि त्या ताणानं स्नायू आणखी कमजोर होतो. आम्ही सिलिंडरची भिंत जाड करून मोकळे होतो. हृदयाला चालू कामातून सवड काढून दुरुस्तीला बसता येत नाही, कारण ते एक मिनिट थांबलं तर माणूस उरत नाही.

ती सवड पंप देतो.

भाच्याला बसवलेला पंप हार्टमेट ३ नावाचा आहे. डाव्या कप्प्याच्या टोकाला गोल भोक पाडून तिथं तो बसवतात. कप्प्यातलं रक्त तो ओढतो आणि नळीनं महाधमनीत सोडतो. हृदय काढत नाहीत, ते आपल्या जागी धडधडत राहतं. भार तेवढा पंप उचलतो. आत एक रोटर आहे, तो चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतो. बेअरिंग नाही, सील नाही, घासायला काही नाही. मिनिटाला साधारण पाच-सहा हजार फेरे. पहिल्यांदा त्याचं चित्र बघितलं तेव्हा मी बराच वेळ एका गोष्टीवर अडकलो होतो. आमच्याकडं दोन भागांमधला क्लिअरन्स मायक्रॉनमध्ये मोजतात, तो जितका कमी तितका पंप चांगला. इथं रोटरभोवतीची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय, कारण तिथून तेल जात नाही, रक्ताच्या जिवंत पेशी जातात आणि अरुंद फटीत त्या चिरडतात. शिवाय दर दोन सेकंदाला रोटरचा वेग थोडा उतरतो आणि चढतो, म्हणजे रक्त एका जागी साचून गुठळी होत नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांना मी मनापासून हात जोडतो.

मोठा झालेला कप्पा असा रिकामा राहायला लागला की आत काय बदलतं? ताणून फुगलेल्या पेशी पुन्हा आकारानं लहान होतात. आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियम पेशीत आत-बाहेर नेण्याची यंत्रणा सुधारते. कप्प्याची रुंदी कमी होते. हे नुसतं अनुमान नाही. पंप बसवताना टोकाचा जो मांसाचा गोल तुकडा निघतो तो जपून ठेवता येतो. पुढं त्याच माणसाचं प्रत्यारोपण झालं की जुनं हृदय हातात येतं. पंपाच्या आधीचा स्नायू आणि पंपावर कित्येक महिने काढल्यानंतरचा स्नायू, दोन्ही एकाच माणसाचे, शेजारी-शेजारी ठेवून तपासता येतात. माणसाच्या हृदयाबद्दल इतकी थेट माहिती दुसऱ्या कुठल्या उपचारातून क्वचितच मिळते.

पण पेशी सुधारल्या म्हणजे हृदय पंपाशिवाय चालेल असं नाही. नुसत्या विश्रांतीनं काही हृदयांत पेशींच्या मधलं तंतूंचं जाळं वाढतं आणि भिंत कडक होते. अमेरिकेतल्या नोंदींत, हृदय सुधारलं म्हणून ज्यांचा पंप काढला असे रुग्ण शंभरात एक-दोनच निघतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. आक्काला सांगितलाही नाही.

मग हेअरफील्डचं वाचलं. लंडनजवळच्या त्या हॉस्पिटलात मग्दी याकूब आणि एमा बर्क्स यांच्या गटानं पंपावरच्या १५ रुग्णांना हृदयविकाराची औषधं ठरवून, चढत्या मात्रेनं दिली, त्यात पुढं क्लेनब्युटेरॉल नावाचं एक औषध जोडलं. २००६ साली त्यांनी निकाल छापला: १५ पैकी ११ जणांचा पंप काढता आला. त्यातला एक जण पंप काढल्यावर २४ तासांत ठोके बिघडून गेला, हेही त्यांनी लपवलं नाही. ही माणसं निवडक होती, कुणाचंही हृदय ॲटॅकनं खराब झालेलं नव्हतं. म्हणून लोक म्हणाले, एका हॉस्पिटलचं काय घेऊन बसलात. तर त्याच एमा बर्क्स यांनी अमेरिकेतल्या सहा केंद्रांत पुन्हा करून दाखवलं. तो अभ्यास २०२० मध्ये आला. ४० रुग्ण, त्यातल्या १६ जणांचा पंप १८ महिन्यांच्या आत निघाला आणि पुढं वर्षभर त्यांना प्रत्यारोपणही लागलं नाही, दुसरा पंपही लागला नाही. ह्यावेळी क्लेनब्युटेरॉल नव्हतं. लिसिनोप्रिल, लोसार्टन, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डिगॉक्सिन, सगळी जुनी औषधं. ह्यातली बरीच आपल्या खडेबाजारातल्या मेडिकलमध्येही मिळतील.

शंभरात एक-दोन कुठं आणि चाळिसात सोळा कुठं! रुग्ण निवडलेले होते, हा फरक आहेच. पण मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथं हृदय बरं करायचं ठरवूनच कामाला लागले होते. एरवी कमजोर हृदयाला ही औषधं पुऱ्या मात्रेत सोसत नाहीत, बीपी पडतं. पंपानं बीपी धरून ठेवलं की मात्रा वाढवता येते, आणि ती त्यांनी जिद्दीनं वाढवली. कप्पा जास्तीत जास्त हलका होईल असा पंपाचा वेग इको बघून लावला. आणि ठरावीक दिवसांनी वेग कमी करून बघितलं की हृदय स्वतःच्या बळावर किती उभं राहतं. जिथं पंप बसवून नुसती प्रत्यारोपणाची वाट बघतात तिथं एखादं हृदय सुधारलं तरी कळणार कुणाला? पंपाच्या आडोशाला ते झाकून जातं. म्हणून मी प्रत्येक फोनवर हेच सांगतो: पंप बसल्यावर औषधं कोण वाढवणार आणि हृदयाची परीक्षा कधी घेणार, हे पहिल्याच महिन्यात विचारा. आपल्याकडं पंप बसवलेली माणसं मोजकी आहेत, त्यामुळं डॉक्टरांच्या समोर हा विषय रोज येत नाही. विचारायला लाजू नका.

आता नव्या पेशींची गोष्ट. हृदयाचा स्नायू एकदा गेला की परत येत नाही, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं २००९ मध्ये ह्याला धक्का दिला, आणि तो अणुचाचण्यांच्या आधारानं. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या अणुस्फोटांनी हवेतला कार्बन-१४ खूप वाढवला, नंतर तो वर्षागणिक उतरत गेला. पेशी जन्मताना त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत बसतो. म्हणजे पेशी कुठल्या साली जन्मली हे तिच्यावर कोरलेलंच असतं. त्यातून निघालं की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला साधारण १ टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

हीच मोजणी पुढं पंपाच्या रुग्णांवर झाली. हेशाम सादेक, युटाचे स्टाव्रोस ड्राकोस आणि युरोपातले त्यांचे सहकारी यांचा अभ्यास २०२४ च्या शेवटी आला. थकलेल्या हृदयात नव्या पेशी होण्याचा वेग निरोगी हृदयाच्या १८ ते ५० पट कमी झालेला दिसला. आणि पंपावर ज्यांचं हृदय खरोखर सुधारलं, त्यांच्यात तो वेग निरोगी हृदयाच्याही निदान सहापट निघाला. पंपावरच्या सगळ्यांच्यात नाही, फक्त सुधारलेल्यांच्यात. असं का, कुणात होतं आणि कुणात नाही, हाच आता त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. सादेक यांचं म्हणणं असं की जन्मल्यापासून क्षणभर विश्रांती न मिळाल्यानं हृदयाच्या पेशी विभागायची ताकद गमावतात आणि पंप ती विश्रांती देतो.

मी हे आक्काला समजावत बसलो होतो. कार्बन वगैरे तिनं सोडून दिलं. म्हणाली, "म्हणजे बैलाचा खांदा आल्यावर जू काढून ठेवतात तसं." मला ह्याहून चांगलं सांगता आलं नसतं. शेतकऱ्याला हेही ठाऊक असतं की खांदा भरून आल्यावर पहिल्याच दिवशी नांगराला जुंपायचं नसतं.

ती जुंपून बघायची चाचणी भाच्याची झाली. पंप एकदम बंद करत नाहीत, कारण बंद केला तर महाधमनीतलं रक्त त्याच नळीनं उलटं कप्प्यात येईल. वेग हळूहळू ४००० पर्यंत उतरवतात, तिथं पंपाची मदत जवळपास संपते. त्याआधी रक्त पुरेसं पातळ आहे ना ते बघतात, नाहीतर कमी वेगात गुठळीची भीती. मग थोडा वेळ तसंच ठेवून इको, सहा मिनिटं चालवून पुन्हा इको. मी काचेबाहेर उभा होतो. आमच्याकडं पंप टेस्ट बेंचवर चढवून लोड देतो तेव्हा माझी नजर गेजवर असते. इथं मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. चालून आला, घामाघूम झाला, पण बसला नाही.

पंप काढायला साधारण इजेक्शन फ्रॅक्शन ४५ च्या वर लागतं, कप्पा ६ सेंटिमीटरच्या आत लागतो, तेही कमी वेगावर. शिवाय कॅथेटर घालून आतले दाब मोजतात. त्याचं इजेक्शन फ्रॅक्शन १५ वरून ३८ वर आलंय, कप्पा ५.९ झालाय. चालल्यावर मात्र आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून नाही, गोळ्या वाढवू आणि पुन्हा बघू. आक्काचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, आक्का, हे हृदय पंधरावर होतं.

एक बदल तर घरातच कळला. पंप बसवून आणला तेव्हा त्याच्या मनगटाला नाडी लागायची नाही. पंप सलग रक्त ढकलतो, आणि हृदय इतकं अशक्त की महाधमनीची झडपसुद्धा उघडत नव्हती. गल्लीतल्या दवाखान्यात नर्सबाई बीपीचा पट्टा फुगवून फुगवून थकल्या, त्याला डॉप्लर लागतो. आता मनगटावर बोट ठेवलं तर बारीक, पण स्पष्ट ठोका लागतो. कंट्रोलरच्या मॉनिटरवर पल्सॅटिलिटीचा, म्हणजे ठोक्यागणिक प्रवाह किती वरखाली होतो त्याचा, आकडाही चढलाय. ती झडप आता दर ठोक्याला उघडतेय, असं इकोत दिसलं.

पंपासोबत राहणं सोपं आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती जागा म्हणजे जंतूंना उघडं दार. आक्का हात धुऊन, मास्क लावून, निर्जंतुक हातमोजे घालून ड्रेसिंग करते. त्या वेळी खोलीतला पंखा बंद आणि कुणी आत यायचं नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनमुळं रक्ताची तपासणी सारखी. रक्तस्राव, पक्षाघात, हृदयाची उजवी बाजू कमी पडणं, हे धोके कागदावरचे नाहीत. बॅटरीची जोडी १७ तासांपर्यंत चालते, तरी पावसाळ्यात हेस्कॉमची वीज गेली की घरात सगळ्यांचे कान टवकारतात. इन्व्हर्टर घेतलाय, चार्ज केलेली जादा जोडी कायम उशाशी. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरला जातानाही पिशवीत तीच आधी. हे सगळं करूनही पाच वर्षांनी ह्या पंपावरची शंभरातली साधारण ५८ माणसं जिवंत होती, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. आणि ही अशी माणसं की पंपाशिवाय ज्यांचं वर्षही धड निघालं नसतं.

फोन करणाऱ्यांना माझं सांगणं असं. वय पन्नाशीच्या आत, आजार दोन वर्षांच्या आतला, कारण हार्ट ॲटॅक नाही, कप्पा साडेसहा सेंटिमीटरच्या आत, किडनी शाबूत, अशा माणसाचं हृदय पंपावर सुधारण्याची आशा जास्त. ह्यातलं सगळं जुळायलाच पाहिजे असं नाही, भाच्याचा कप्पा त्याहून मोठा होता. ॲटॅकनं स्नायूच्या जागी व्रण झाला असेल तर तो भाग परत मिळणं अवघड. तिथं पंप आयुष्य वाढवतो, पण काढायची आशा धरून घेऊ नका. बाळंतपणानंतरच्या आजारात पुष्कळ बायकांचं हृदय नुसत्या औषधांनीच सुधारतं, तेव्हा निपाणीच्या त्या काकींनी सुनेच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. आणि ज्यांचा पंप निघाला त्यांच्याही गोळ्या सुटत नाहीत. हेअरफील्डच्या त्या रुग्णांतही पुढं हृदय पुन्हा थकल्याचं उदाहरण आहे.

मला फोन करायचा असेल तर अगदी पहिला इको आणि ताजा इको, दोन्ही रिपोर्ट हाताशी ठेवा. उपचार मी सांगू शकत नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण मिळून लिहून काढू. सकाळी दहाच्या आत करा, नंतर मशीन सुरू होतात आणि नीट ऐकू येत नाही.